आंबोली घाटात रस्ता इतकी वळणं का घेतो? सहावीच्या पुस्तकातलं हे गणित घाट उतरताना कामाला येतं

जून उजाडला की तुमच्या-आमच्या फीडवर आंबोली सुरू होते. धबधब्याखाली भिजणारे लोक, धुक्यात हरवलेला रस्ता, भजीची प्लेट आणि मागे कुठलंतरी गाणं. सिंधुदुर्गातल्या सावंतवाडी तालुक्यातलं हे गाव समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटर उंचीवर आहे. कोकणातून वर यायचं तर घाट चढावा लागतो आणि घाट म्हटलं की वळणं आली.

या रील्सच्या खाली एक कमेंट हमखास सापडते, "एवढी वळणं कशाला काढली, सरळ रस्ता करायचा ना!" आणि दुसरी असते, "उतरताना न्यूट्रल टाका, पेट्रोल वाचतं." पहिल्या कमेंटचं उत्तर आणि दुसऱ्या कमेंटमधला धोका, दोन्ही एकाच गणितात आहेत. त्या गणिताचं नाव यांत्रिक लाभ. इंग्रजीत त्याला मेकॅनिकल ॲडव्हान्टेज म्हणतात. शाळेत 'साधी यंत्रे' नावाचा धडा होता तो आठवतोय? तरफ, कप्पी, उतरण, पाचर, स्क्रू, चाक आणि आस. त्यातली उतरण म्हणजेच घाट.

यांत्रिक लाभ म्हणजे नेमकं काय?

एक भागाकार, बस.

यंत्र जेवढा भार हलवतं त्याला तुम्ही लावलेल्या बलानं भागायचं. समजा ९० किलोचं पोतं तुम्ही ३० किलोइतका जोर लावून वर चढवलंत, तर यांत्रिक लाभ ९० भागिले ३०, म्हणजे ३. तुमची ताकद यंत्रानं तिप्पट केली. (बल खरं तर न्यूटनमध्ये मोजतात आणि एक किलो वजन म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन. पण आपण इथे 'इतक्या किलोचा जोर' असंच म्हणू, डोळ्यासमोर पटकन येतं.)

ही ताकद येते कुठून? आकाशातून नाही. पोतं १ मीटर वर जायला तुम्हाला ते ३ मीटरच्या फळीवरून ढकलावं लागलं. जोर तिसरा हिस्सा, अंतर तिप्पट. जोर आणि अंतर यांचा गुणाकार म्हणजे कार्य आणि ते जिथल्या तिथेच राहतं. म्हणून यांत्रिक लाभ काढायचा दुसराही एक मार्ग आहे. तुमचा हात किती सरकला आणि भार किती सरकला, एवढंच मोजा आणि भागा. वजनकाटा नसला तरी टेपनं काम होतं.

उतरणीसाठी हे सूत्र फारच सोपं आहे, उताराची लांबी भागिले उंची.

आता हे घाटाला लावूया

सोयीसाठी आकडे गोल धरू. समजा घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत ५५० मीटरचा चढ आहे आणि तो १० किलोमीटर रस्त्यात वाटलाय. १०,००० भागिले ५५०, उत्तर सुमारे १८. म्हणजे हा घाट १८ यांत्रिक लाभ असलेलं यंत्र आहे. प्रत्येक १८ मीटर रस्त्याला तुम्ही १ मीटर वर जाता.

चार माणसं आणि सामान धरून दीड हजार किलोची कार घ्या. ती दोरानं सरळ वर खेचायची तर १,५०० किलोचा जोर लागेल. याच घाटात ती चढवायला १,५०० भागिले १८, म्हणजे सुमारे ८३ किलो पुरतो. टायरचं आणि हवेचं घर्षण वेगळं, त्याच्याकडे पुढे येऊ. बदल्यात कार ५५० मीटरऐवजी १० किलोमीटर चालली. वळणं म्हणजे हा हप्ता आहे. डोंगराची उंची कमी करता येत नाही, ती फक्त लांब रस्त्यावर पसरवता येते. आणि डोंगराच्या कुशीत १० किलोमीटरचा रस्ता बसवायचा तर त्याला घडी घालावीच लागते.

याच डोंगरावरून पाणी बघा कसं येतं. त्याला कुणाचं ओझं वर न्यायचं नसतं, त्यामुळे ते सरळ कड्यावरून उडी मारतं आणि आपण त्याच्याखाली उभं राहून फोटो काढतो. आंबोलीतच उगम पावणारी हिरण्यकेशी मात्र पूर्वेकडे वळते आणि पठाराच्या हलक्या उतारावरून निवांत वाहत जाते. एकाच गावातलं पाणी, एका बाजूला यांत्रिक लाभ जवळपास १ आणि दुसऱ्या बाजूला कितीतरी मोठा.

बैलांचा हिशेब

हा रस्ता पर्यटकांसाठी झालेलाच नाही. इंग्रजांच्या काळात वेंगुर्ला बंदरात उतरलेला माल वर बेळगावच्या लष्करी छावणीपर्यंत न्यायचा होता. आधी ही वाहतूक रामघाटानं व्हायची. मग पारपोलीवरून आंबोलीला चढणारा गाडीरस्ता झाला आणि जुन्या कागदपत्रांत त्याला पारपोली घाट असंही म्हटलेलं सापडतं. तेव्हा इंजिन म्हणजे बैल.

बैल साधारण आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकी ओढ बराच वेळ देऊ शकतो. चारशे किलोचा एक, अशी जोडी धरली तर ८० किलोची ओढ. आता मालासकट ६०० किलोची गाडी घ्या. १८ ला १ च्या चढावर तिच्यासाठी ३३ किलो लागतील. खडीच्या रस्त्यावर चाकाचं घर्षण आणखी १८-२० किलो खाईल. एकूण पन्नासच्या आसपास, म्हणजे जोडीला झेपेल. शिवाय बैलांना स्वतःचं आठशे किलोचं अंगही वर न्यायचंय, हे विसरू नका. ती थकतातच.

आता सरळ रस्ता हवा म्हणणाऱ्यांचं ऐकू आणि चढ ५ ला १ करू. गाडीसाठी १२० किलो, अधिक घर्षण. जोडीची ओढ ८० किलो. गाडी जागची हलणार नाही आणि हललीच तर मागे येईल. घाट चढताना गाडीमागे एक जण हातात दगड घेऊन चालायचा आणि बैल थांबले की चाकाखाली उटी सरकवायचा, ते याच भीतीपोटी. ती उटी म्हणजे पाचर, धड्यातलं आणखी एक साधं यंत्र. आजही चढावर बंद पडलेल्या ट्रकच्या चाकामागे तुम्हाला धोंडा दिसतो. (ट्रक निघून जातो आणि धोंडा रस्त्यातच राहतो, हा आपला राष्ट्रीय गुण.)

आजच्या रस्त्यांचे निकष इंडियन रोड्स काँग्रेस ही १९३४ साली स्थापन झालेली संस्था ठरवते. डोंगरी रस्त्यांसाठी नेहमीचा चढ ५ ते ६ टक्के असावा आणि नाइलाज असेल तिथेच ७-८ टक्क्यांपर्यंत जावं, असं हे निकष सांगतात. ५ टक्के म्हणजे यांत्रिक लाभ २०. ८ टक्के म्हणजे साडेबारा. रस्त्याकडेच्या पाटीवरची टक्केवारी दिसली की १०० ला तिनं भागा, झालं.

रेल्वेची गोष्ट तर याहून कडक. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटात चढ ३७ ला १ आहे आणि तेवढ्यालाही गाड्यांना मागून जास्तीची इंजिनं लावावी लागतात. लोखंडी रुळावर लोखंडी चाक पटकन घसरतं, रबरी टायरसारखी पकड तिथे नसते. कोकण रेल्वेनं तर चढ १५० ला १ च्या आत ठेवला. पण ट्रेनला काही हेअरपिन वळण घेता येत नाही, मग चढ हलका ठेवायचा कसा? डोंगर पोखरून. नव्वदहून जास्त बोगदे आणि जवळपास दोन हजार पूल, त्यामागे हेही एक मोठं कारण आहे.

हेअरपिनवर आतली बाजू का जड जाते?

बाईकवाल्यांना आणि सायकलवाल्यांना हे अनुभवानं माहीत असतं, आकड्यात बघू. पूर्ण उलट फिरणारं एक वळण घ्या. आतल्या कडेची त्रिज्या १४ मीटर आणि बाहेरच्या लेनची २१ मीटर. आतून गेलात तर ४४ मीटर अंतर, बाहेरून गेलात तर ६६. या वळणात रस्ता २ मीटर चढत असेल, तर आतल्या बाजूचा यांत्रिक लाभ २२ आणि बाहेरच्या बाजूचा ३३. एकच वळण, एकच उंची, पण आतून जाणाऱ्याला दीडपट जोर. म्हणून अशा वळणांवर चढ मुद्दाम हलका ठेवावा लागतो. आतल्या बाजूला अडकून पहिल्या गिअरवर आलेला ट्रक दिसला की ड्रायव्हरला शिव्या घालण्याआधी हे आठवा.

सायकलचा यांत्रिक लाभ एकापेक्षा कमी असतो

हे बऱ्याच जणांना पटत नाही. यंत्र म्हटलं की ताकद वाढणारच असं वाटतं. पण सायकल ताकद खर्चून अंतर विकत घेते. पेडलचा दांडा १७ सेंटीमीटर, चाकाची त्रिज्या ३४. इथेच निम्मं झालं. त्यात पुढच्या चक्राला ४४ दात आणि मागच्याला १८ असतील, तर उत्तर ०.५ गुणिले १८ भागिले ४४, म्हणजे साधारण ०.२. तुम्ही २० किलोचा जोर लावलात तर रस्त्यावर ४ किलो पोचतो. सपाट रस्त्यावर हे मस्त आहे, कारण एका फेरीत सायकल पाच मीटर पुढे जाते.

घाटात मात्र तुम्ही आणि सायकल मिळून ९० किलो असाल, तर १८ ला १ च्या चढावर ५ किलो आणि घर्षणाचा एखादा किलो, असा ६ किलोचा जोर चाकाला हवा. बिनगिअरच्या सायकलवर त्यासाठी पेडलवर सरासरी २९ किलो लागतात. पेडल वर-खाली असताना जोर लागतच नाही, त्यामुळे मधल्या क्षणी तो ४५ किलोपर्यंत जातो. हे १० किलोमीटरभर. गिअरच्या सायकलवर पुढे-मागे दोन्हीकडे ३२ दात केलेत, तर लाभ ०.५ होतो आणि सरासरी १२ किलोत भागतं. पण त्याची किंमत ठरलेली. पहिल्या सायकलवर घाट चढायला सुमारे १,९०० वेळा पेडल मारावं लागेल आणि दुसरीवर ४,७०० वेळा. फुकट काही नाही.

म्हणजे घाटात दोन यंत्रं एकावर एक बसलेली असतात. एक रस्त्याचं, जे इंजिनीअरनं ठरवलंय. दुसरं गिअरचं, जे तुम्ही ठरवता. एकापुढे एक जोडलेल्या यंत्रांचा एकूण लाभ काढायचा तर त्यांचे आकडे गुणायचे.

पहार आणि अडकित्ता

पावसात दरड येते, तेव्हा जेसीबी पोचेपर्यंत लोक पहारी घेऊन लागतात. दीड मीटरची पहार, टोकापासून १५ सेंटीमीटरवर टेकू म्हणून एक लहान दगड. हाताकडची बाजू १३५ सेंटीमीटर, धोंड्याकडची १५. यांत्रिक लाभ १३५ भागिले १५, म्हणजे ९. तीस किलोच्या जोरात २७० किलो उचलला जातो. त्यात धोंड्याची एकच कड उचलायची असते, दुसरी जमिनीवर टेकलेली असते. म्हणजे पाचशे किलोचा धोंडाही एक माणूस हलवू शकतो. हात १८ सेंटीमीटर खाली गेला की धोंडा २ सेंटीमीटर उठतो, मग खाली लहान दगड सरकवायचा आणि पुन्हा. टेकू धोंड्याच्या जितका जवळ, तितका लाभ जास्त. नवखा माणूस टेकू लांब ठेवतो आणि पहारीवर लटकत बसतो.

सावंतवाडीच्या बाजूला सुपारीच्या बागा आहेत, तेव्हा अडकित्त्याला वगळून चालणार नाही. इथे टेकू मधे नसतो, बिजागरीच्या टोकाला असतो आणि भार मधे. बिजागरीपासून सुपारी २ सेंटीमीटरवर आणि मूठ १४ वर, म्हणजे लाभ ७. दहा किलोची मूठ आवळली की सुपारीवर सत्तर किलो. हीच सुपारी अडकित्त्याच्या टोकाकडे नेऊन फोडायचा प्रयत्न करा, आजी हसेल. चिमटा याच्या उलट. बोटांचा जोर मधे आणि पकडायची वस्तू टोकाला, म्हणून लाभ एकाहून कमी. पण पोळी उलटताना ताकद कुणाला हवी असते?

विहिरीवरच्या कप्पीबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. एकच कप्पी वर पक्की बांधलेली असेल, तर तिचा यांत्रिक लाभ १ असतो. पंधरा किलोची भरलेली कळशी, पंधरा किलोची ओढ. सोपं वाटतं, कारण वर खेचण्याऐवजी आपण खाली खेचतो आणि अंगाचं वजन कामाला येतं. ताकद खरंच वाचवायची तर भारासोबत हलणारी दुसरी कप्पी हवी. मग भाराला किती दोर पेलतायत ते मोजा. दोन असतील तर लाभ २, चार असतील तर ४. दोर मात्र तितकेच पट ओढावे लागतात.

मग घर्षणाचं काय?

वरचे बहुतेक आकडे कागदावरचे आहेत. टेपनं मोजून येतो तो आदर्श लाभ. वजन आणि जोर प्रत्यक्ष मोजून येतो तो खरा लाभ आणि तो नेहमी कमी असतो. खऱ्याला आदर्शानं भागलं की यंत्राची कार्यक्षमता कळते.

कारच्या डिकीतला स्क्रूवाला उभा जॅक बघा. त्याचा दांडा २० सेंटीमीटरचा आणि एका फेरीत स्क्रू ४ मिलीमीटर वर जातो असं धरू. हात एका फेरीत सव्वा मीटर फिरला आणि गाडी ४ मिलीमीटर उचलली गेली. आदर्श लाभ ३१४! पण स्क्रूच्या आट्यांत घर्षण एवढं असतं, की कार्यक्षमता ३० टक्के धरली तर खरा लाभ ९४ च्या आसपास येतो. तरी चाकावरचे ४०० किलो उचलायला सव्वाचार किलोचा जोर पुरतो.

आता महत्त्वाचं. जॅकचा दांडा सोडला तर गाडी खाली का येत नाही? कारण हेच घर्षण. ज्या यंत्रात निम्म्याहून जास्त मेहनत घर्षण खातं, ते यंत्र भाराच्या वजनानं उलटं फिरत नाही. आपण ज्याला तोटा म्हणतो, तोच टायर बदलताना तुमचा हात वाचवतो.

घाट हे यंत्र असं अडकत नाही. कारच्या टायरचं घर्षण तिच्या वजनाच्या साधारण एक-सव्वा टक्का असतं आणि घाटाचा चढ साडेपाच टक्के. घर्षण हरतं. चढताना तुम्ही कमावलेली उंची उतरताना पूर्ण वसूल होते आणि ती कुठेतरी जिरवावीच लागते.

न्यूट्रलमध्ये उतरलं तर काय होतं?

आपली तीच दीड हजार किलोची कार, ५५० मीटर उंची. तिच्यात साठलेली ऊर्जा सुमारे ८० लाख ज्यूल. टायर आणि हवा यातला पाव हिस्सा, फार तर थोडा अधिक खातील. उरलेले ५८ लाख ज्यूल कुठे जाणार? न्यूट्रलमध्ये असाल तर सगळे ब्रेकमध्ये. एवढ्या उष्णतेत १८ लिटर पाणी थंडगार अवस्थेतून उकळीला येईल. वेगळ्या भाषेत सांगायचं, तर ताशी ४० किलोमीटरनं उतरताना पंधरा मिनिटं तीन गीझर तुमच्या ब्रेकच्या चकत्यांवर चालू आहेत. सोळा टनांचा ट्रक असेल तर आकडा दहापट.

तापलेल्या ब्रेक पॅडची पकड कमी होते. आणखी तापलं तर ब्रेक ऑइलमध्ये बुडबुडे होतात आणि पेडल दाबलं तर स्पंजासारखं खाली जातं. घाटात जळका वास येणं ही त्याची आधीची पायरी. तो वास आला की गाडी सुरक्षित जागी थांबवून ब्रेक निवू द्यायचे. त्यावर पाणी ओतायचं नाही.

खालच्या गिअरमध्ये उतरलात तर मधे इंजिन येतं. छोट्या कारमध्ये पहिल्या गिअरला इंजिन आणि चाक यांच्यातलं प्रमाण ढोबळमानाने १४ ला १ असतं, पाचव्याला सव्वातीन-साडेतीन. चढताना इंजिनाचा पीळ चाकापर्यंत चौदापट होऊन पोचतो. उतरताना हेच उलटं चालतं. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजिन फिरायला विरोध करतं आणि तो विरोध चौदापट होऊन चाकाला मागे धरतो. पाचव्या गिअरमध्ये त्याच्या चौथ्या हिश्शाएवढाच. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा सल्ला म्हणजे हाच भागाकार आहे, फक्त त्यांनी तो कागदावर केलेला नाही.

आणि पेट्रोल? आताच्या फ्युएल इंजेक्शनवाल्या गाड्यांत गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास बंदच होतं, कारण इंजिनाला उतारच फिरवत असतो. न्यूट्रल टाकलंत तर इंजिनाला स्वतःला चालू ठेवायला पेट्रोल जाळावं लागतं. म्हणजे कमेंटवाल्या भाऊंचं पेट्रोल उलट जास्त जातं. इंजिन बंद करून उतरणारेही असतात. त्यांच्या ब्रेकला मिळणारी इंजिनाची मदत एक-दोनदा पेडल मारताच संपते आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं, तेही पावसात आणि धुक्यात.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर खालच्या गिअरचा मोड वापरा. गिअर नसलेल्या स्कूटरला हा आधार फारसा नसतो, वेग कमी झाला की तिचा क्लच आपोआप सुटतो. तिथे सुरुवातीपासूनच वेग कमी ठेवणं आणि दोन्ही ब्रेक मिळून थांबून-थांबून लावणं, एवढंच हातात असतं.

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, तेही यातूनच कळतं. उतरणारा थांबला तर पुन्हा निघायला त्याला उतारच मदत करतो. चढणाऱ्याला मात्र शून्यापासून ते ८३ किलो आणि वर वेग घ्यायला लागणारा जोर एकदम आणावा लागतो, क्लचवर.

स्वतः मोजायचं असेल तर

घाटाचं सोपं आहे. पायथ्याला थांबून फोनवर उंची बघा आणि ट्रिप मीटर शून्य करा. माथ्यावर पुन्हा दोन्ही बघा. अंतराला उंचीतल्या फरकानं भागा. फोनची उंची दहा-वीस मीटर इकडेतिकडे दाखवते, पण ५५० मध्ये तेवढी चूक चालते. गाडी चालवणाऱ्यानं नाही, शेजारी बसलेल्यानं मोजायचं.

दुसरी मोजणी गावातच होते आणि मला ती जास्त गरजेची वाटते. बँक, पोस्ट, दवाखाना, शाळा, कुठेही व्हीलचेअरसाठी रॅम्प असतो. सार्वजनिक इमारतींसाठीच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्याचा चढ १२ ला १ पेक्षा तीव्र नको. माणूस आणि खुर्ची मिळून ९० किलो असतील तर १२ च्या लाभानं साडेसात किलोचा जोर लागतो, स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत जाता येतं. पण जागा नाही म्हणून तीन पायऱ्यांवर दोन मीटरचं सिमेंट ओतलेलं असतं. तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटीमीटर. २०० भागिले ४५, लाभ साडेचारही नाही. जोर २० किलो आणि मागे उलटायची भीती वेगळी. असा रॅम्प कागदोपत्री असतो, पण मागून ढकलणारा कुणी नसेल तर वापरता येत नाही. ४५ सेंटीमीटरला नियमानं ५ मीटर ४० सेंटीमीटर लांबी हवी आणि सरळ बसत नसेल तर मधे सपाट टप्पा देऊन त्याला घाटासारखं वळवता येतं. टेप घेऊन जा, लांबी आणि उंची मोजा, भागाकार करा आणि उत्तर बारापेक्षा कमी आलं तर ते आकडे लिहून अर्ज द्या.